उंदराने कुरतडलेली पेट्रोलची नळी बदलायची आहे: त्यापूर्वी लाइनमधला दाब कसा उतरवावा?

कपाशीवाला_आर्णी

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१२ सालची वॅगनआर आहे. इंजिन पेट्रोलचे, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारे) आहे आणि आधीच्या मालकाने तिला बाहेरून गॅसची किट बसवून घेतलेली आहे. मधल्या काळात गाडी गोठ्याला लागून असलेल्या टिनाच्या शेडमध्ये बरेच दिवस उभी राहिली, आणि शेजारीच सरकीच्या ढेपेची पोती असल्यामुळे उंदरांनी बोनेटखाली मुक्काम केला. आता बोनेट उघडून पाहिले तर इंजिनकडे येणाऱ्या पेट्रोलच्या रबरी नळीचे वरचे आवरण दोन ठिकाणी कुरतडलेले दिसते आणि आतला धाग्यांचा थर उघडा पडलेला आहे. पेट्रोल ठिबकत नाही. मात्र गाडी सुरू केल्यावर वास येतो आणि त्या जागी बोट लावले तर ओलसरपणा जाणवतो.

गावातले मिस्त्री ट्रॅक्टर आणि मोटरसायकली उत्तम दुरुस्त करतात, त्यांच्या हाताबद्दल मला शंका नाही. त्यांचे म्हणणे असे की क्लिप सैल करावी, थोडे पेट्रोल उडेल ते उडू द्यावे आणि नवी नळी चढवावी. परंतु इंजिन बंद केल्यानंतरही या लाइनमध्ये दाब राहतो असे मी ऐकलेले आहे, म्हणून काम थांबवून येथे विचारत आहे. हा दाब साधारण किती असतो, गाडी नुसती उभी ठेवली तर तो आपोआप उतरतो का, आणि उतरत नसेल तर घरच्या साधनांनी तो सुरक्षितपणे कसा उतरवावा? अधिकृत वर्कशॉप यवतमाळला आहे, पण अशा नळीने गाडी तेथवर चालवत नेणे मला बरे वाटत नाही. दुपारी पारा पंचेचाळीसच्या घरात जात आहे, हेही लक्षात घ्यावे.

पानेवाला_वर्धा

भाऊ, काम थांबवून विचारलेत हे योग्य केले.

एमपीएफआय गाडीत टाकीच्या आत बसवलेला विजेचा पंप लाइनमध्ये सुमारे ३ बार, म्हणजे ४३-४४ पीएसआय इतका दाब ठेवतो. काही गाड्यांत तो याहून थोडा जास्त असतो. टायरमध्ये आपण भरतो त्या हवेच्या जवळपास दीडपट, असे समजा. पंपाच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह असतो आणि पुढच्या वेळी गाडी लगेच सुरू व्हावी म्हणून तो हा दाब मुद्दाम धरून ठेवतो. पंप आणि इंजेक्टर चांगल्या स्थितीत असतील तर हा दाब कित्येक तास टिकतो. त्यामुळे गाडी रात्रभर उभी होती, आता दाब गेला असेल, असे कधीही गृहीत धरू नये. उन्हात उभ्या असलेल्या किंवा नुकत्याच बंद केलेल्या गाडीत तर इंजिनच्या उष्णतेने रेलमधले, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या इंजिनवरच्या नळीतले, पेट्रोल प्रसरण पावते आणि दाब उतरण्याऐवजी काही काळ वाढतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत इंजिनवरचा यांत्रिक पंप जेमतेम पाव बारच्या आसपास दाब देत असे, तेव्हा नळी सरळ ओढून काढली तरी चार थेंब सांडून विषय संपत असे. मिस्त्री लोकांची सवय त्या काळातली आहे.

दाब उतरवण्याचे तत्त्व साधे आहे. पंप बंद करायचा आणि लाइनमध्ये शिल्लक असलेले पेट्रोल इंजिनलाच जाळू द्यायचे. त्यासाठी गाडी सपाट, मोकळ्या जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रल करावा आणि चाकांना दगड लावावेत. पेट्रोलच्या टाकीचे झाकण सावकाश फिरवून आतली वाफ जाऊ द्यावी आणि ते पुन्हा लावावे. मग किल्ली बंद असताना पंपाचा रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) किंवा फ्यूज काढून घ्यावा. यानंतर इंजिन सुरू करावे. ते थोडा वेळ चालेल, अडखळेल आणि पेट्रोल न मिळाल्यामुळे बंद पडेल. बंद पडल्यावर आणखी दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे तीन सेकंद, सेल्फ मारावा, म्हणजे उरलासुरला दाबही जाईल. किल्ली बंद करून खिशात ठेवावी, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, आणि मगच नळीला हात लावावा.

सुझुकीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये एक इशारा असतो, जो बहुतेकांना माहीत नसतो: हे काम इंजिन गरम असताना करू नये, कारण त्याने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या भागावर) वाईट परिणाम होऊ शकतो. अडखळत चाललेल्या इंजिनातून न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूला जाते आणि तापलेल्या कॅटॅलिस्टमध्ये पेटून तो भाजून निघतो. आपल्या हवामानात याचा अर्थ एकच होतो: काम पहाटे करावे, रात्रभर निवालेल्या इंजिनवर.

आणि दाब उतरला म्हणजे पेट्रोल संपले असे होत नाही. नळीत आणि रेलमध्ये द्रव उरतोच. जोडावर जाड सुती कापड गुंडाळूनच तो सैल करावा, चष्मा घालावा, खाली पत्र्याचे पसरट भांडे ठेवावे, आणि तोंड जोडाच्या रेषेत आणू नये.

रोखठोक_दारव्हा

एवढा विधी करण्याची गरज आहे, असे मला वाटत नाही. क्लिपवर ओले फडके गुंडाळावे आणि नळी सावकाश ओढावी; जे काही उडते ते फडक्यात जिरते. नळी भरून असते पेट्रोल तरी किती? पेला दोन पेले. द्रवाचा दाब एका थेंबात संपतो, हवेसारखा तो साठून राहत नाही. मी अनेकांना असे करताना पाहिले आहे आणि कोणाचे काही बिघडलेले नाही. रिले शोधण्यात आणि बॅटरी सोडवण्यात मिस्त्र्याची अर्धी सकाळ जाते.

निवृत्त_फिटर_हिंगणघाट

दारव्ह्याच्या भाऊंचे एक म्हणणे खरे आहे: द्रव दाबला जात नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा फार साठत नाही. परंतु नळी रबराची आहे, ती दाबाने फुगलेली असते, आणि तापलेल्या रेलमध्ये थोडी वाफही असते. क्लिप सुटताच हे दोन्ही मिळून पेट्रोल बाहेर ढकलतात. एका थेंबात संपायला हवा तो दाब त्यामुळे एक फवारा उडवूनच संपतो. ओतलेल्या पेट्रोलपेक्षा फवारलेले पेट्रोल कितीतरी लवकर पेटते, हे फवारणी पंप पाठीवर घेऊन शेतात फिरणाऱ्या माणसाला वेगळे सांगायला नको. फवाऱ्याची दिशाही आपल्या हातात नसते. तो डोळ्यांत जाऊ शकतो, गरम एक्झॉस्टवर जाऊ शकतो, किंवा बॅटरी जोडलेली असेल तर अल्टरनेटरच्या तोंडावर जाऊ शकतो.

पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० अंशांच्या आसपास आहे. म्हणजे हिवाळ्यातील गारठ्यातही त्याच्या पृष्ठभागावर पेट घेईल इतकी वाफ असते. नवतप्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे काय स्थिती असेल याचा अंदाज करावा. हवेत ही वाफ दीड टक्क्याच्या जवळपास झाली की ठिणगी पुरते. शिवाय ती हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, गॅरेजच्या खड्ड्यात, नालीत, पायरीखाली साचते, आणि दहा-पंधरा फुटांवरच्या चुलीपर्यंत किंवा कोणाच्या विडीपर्यंत सरपटत जाऊ शकते. माणूस गाडीजवळ ठिणगी शोधत असतो आणि आग दाराकडून येते.

म्हणून दोन गोष्टी खास आपल्या भागासाठी सांगतो. पहिली गोष्ट कूलरची. उकाडा आहे म्हणून काम करणाऱ्याच्या पाठीमागे कूलर लावून ठेवण्याची पद्धत सगळीकडे आहे. त्याचे बटण, त्याच्या पाण्याच्या मोटरची उघड्या जोडाची वायर, आणि लाइट गेल्यावर परत येताना बसणारा झटका, या सर्व ठिणग्याच आहेत. तो पूर्ण बंद ठेवावा आणि प्लग काढून ठेवावा. दुसरी गोष्ट, बोनेटला अडकवलेला पिवळा बल्ब. तो निसटून पडला, काच फुटली आणि आतली लाल तार पेट्रोलवर आली की संपले. सेलवर चालणारी एलईडी टॉर्च वापरावी आणि ती काम सुरू करण्यापूर्वीच चालू करून ठेवावी.

आता वर्ध्याच्या भाऊंच्या उत्तरातील एका मुद्द्यावर मला थांबावेसे वाटते. त्यांनी सांगितलेली पद्धत धडधाकट नळीसाठी अगदी बरोबर आहे. पण प्रश्नकर्त्याची नळी फाटलेली आहे! इंजिन चालवून दाब उतरवायचा म्हणजे गळक्या नळीसह इंजिन चालवायचे. येथे फरक करावाच लागेल. नळीतून थेंब पडत असतील, कोठेही ओघळ दिसत असेल किंवा बोनेटखाली पेट्रोल साचलेले असेल, तर किल्लीला हात लावू नये. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलत मोकळ्यावर आणावी, वास पूर्ण गेल्यावर बॅटरीची वायर सोडवावी, रिले काढावा, रात्र जाऊ द्यावी, आणि सकाळी दाब अजून आहे असेच समजून, कापड गुंडाळून, नळी सावकाश उघडावी. गळक्या नळीतून दाब बहुतेक निघून गेलेला असतो, तरीही.

नुसता ओलसरपणा असेल, तर ती जागा कोरडी पुसावी आणि थोड्या वेळाने पुन्हा पाहावी. कोरडीच राहिली, तर इंजिन थंड असताना आणि पंपाचा रिले आधीच काढलेला असताना काही सेकंद ते चालवून बंद पाडणे हे मला मान्य आहे, कारण पंपच बंद असल्यामुळे त्या वेळात दाब फक्त कमी होत जातो. पुन्हा ओली झाली, तर पहिला मार्ग.

कपाशीवाला_आर्णी

काका, आपण सांगितल्याप्रमाणे जागा पुसून पाहिली. बराच वेळ कोरडी राहिली. मात्र दोन अडचणी उभ्या राहिल्या आहेत. बोनेटमधील फ्यूजच्या डबीत एकसारखे दिसणारे चार-पाच रिले आहेत आणि झाकणावरची अक्षरे पुसट झाल्याने पंपाचा कोणता ते कळत नाही. दुसरे असे की गाडीला गॅसची किट आहे. रिले काढल्यावर ती गॅसवरच चालू राहिली तर काय करायचे?

पानेवाला_वर्धा

गॅसचा मुद्दा माझ्या उत्तरात राहून गेला होता. तो महत्त्वाचा आहे. किट असलेली गाडी बहुधा पेट्रोलवर सुरू होते आणि नंतर आपोआप गॅसवर जाते. ती एकदा गॅसवर गेली की किट पेट्रोलचे इंजेक्टर बंद ठेवते, इंजिन आरामात चालत राहते आणि पेट्रोलच्या रेलमधला दाब जसाच्या तसा राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, रिले काढूनही गाडी बंद पडत नाही, म्हणजे रिलेच चुकला. म्हणून आधी डॅशबोर्डवरचे बटण पेट्रोलवर करावे आणि मागच्या सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करावा. एवढे झाले की गॅसच्या कोणत्याही जोडाला हात लावू नये. सीएनजी असेल तर सिलिंडरमध्ये भरलेल्या स्थितीत २०० बार दाब असतो, आणि एलपीजी असेल तर त्याची वाफ पेट्रोलच्या वाफेसारखीच खाली साचते. ते काम किट बसवणाऱ्या अधिकृत माणसाचे आहे.

रिले ओळखण्यासाठी कानांचा उपयोग करावा. किल्ली सुरू स्थितीत फिरवली की पंप दोन-तीन सेकंद चालतो आणि मागच्या सीटखालून बारीक घरघर ऐकू येते. गाडी शांत जागी असावी आणि एक माणूस मागे कान देऊन बसावा. किल्ली बंद असताना एक रिले काढावा आणि मग किल्ली फिरवावी. घरघर ऐकू आली नाही तर तोच पंपाचा. ऐकू आली तर किल्ली बंद करून तो रिले जागेवर लावावा आणि दुसरा काढावा. इंजिनच्या मुख्य रिलेमुळेही पंप थांबतो. तो निघाला असेल तर डॅशवरचा चेक इंजिनचा दिवा सहसा लागत नाही आणि सेल्फ मारूनही गाडी पेट घेत नाही, त्यावरून तो ओळखता येतो. आपली नळी कमकुवत असल्यामुळे, चुकीच्या रिलेवर प्रत्येक वेळी पंप थोडा दाब भरतो हे ध्यानात ठेवावे, आणि दर वेळी ती जागा डोळ्यांनी पाहून घ्यावी. ही परीक्षाच नको असेल तर अनेक गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असते आणि त्याखाली पंपाची प्लगजोडणी असते. ती सोडवली तरी तोच परिणाम होतो.

याच कारणाने किल्ली खिशात ठेवावी असे मी म्हटले होते. नळी उघडी असताना घरातल्या पोराने गाणी लावण्यासाठी किल्ली फिरवली आणि रिले जागेवर असला, तर पंप दोन-तीन सेकंदांत बरेच पेट्रोल इंजिनवर ओतून मोकळा होतो.

मूर्तिजापूरचा_ट्रॅक्टरवाला

चर्चा पेट्रोलची आहे हे मला दिसते, परंतु प्रश्नात ट्रॅक्टरच्या मिस्त्र्यांचा उल्लेख आला आहे, म्हणून एक गोष्ट येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. येथे वाचलेली पद्धत कोणी डिझेल गाडीवर वापरू नये, आणि ट्रॅक्टरवरची पद्धत तर नव्या डिझेल गाडीवर मुळीच वापरू नये.

आपल्याकडील जुन्या ट्रॅक्टरांत यांत्रिक पंप असतो. डिझेल संपले किंवा फिल्टर बदलला की लाइन हवा धरते, मग इंजेक्टरवरची नळीची नट सैल करून सेल्फ मारायचा आणि फेस जाऊन नितळ डिझेल येईपर्यंत थांबायचे, हे विदर्भातल्या कोणत्याही पोराला येते. त्या पंपावर ते चालून जाते. त्याच हाताने तोच पाना घेऊन माणूस कॉमन रेल (सर्व इंजेक्टरांना एकाच नळीतून अतिशय जास्त दाबाने डिझेल देणारी रचना) असलेल्या पिकअपवर किंवा कारवर जातो, आणि तेथे घात होतो. कॉमन रेलमध्ये दाब ३ बार नसतो. तो गाडीप्रमाणे १,३०० ते २,००० बारपर्यंत जातो. ५० हॉर्सपॉवरवरील ट्रॅक्टरांना २०२३ पासून नवे उत्सर्जन नियम लागू झाले, तेव्हापासून अशी इंजिने ट्रॅक्टरमध्येही येऊ लागली आहेत. त्यामुळे हे ट्रॅक्टर आहे, येथे जुनेच चालेल, असेही आता म्हणता येत नाही.

कॉमन रेलचे इंजिन चालू असताना किंवा सेल्फ मारत असताना रेलची किंवा इंजेक्टरची नट सैल करणे म्हणजे हात गमावण्याची तयारी करणे होय. कोठून गळते आहे ते पाहण्यासाठी बोट किंवा तळहात फिरवण्याची सवय तितकीच घातक आहे. सुईच्या छिद्रातून निघालेली डिझेलची धार डोळ्यांना दिसत नाही, पण ती कातडी भेदून आत जाते. कातडी भेदायला ७ बारच्या आसपासचा दाबही पुरतो, येथे तर हजारांत आहे. गळती शोधायची असल्यास लांब काठीला पुठ्ठा बांधून तो फिरवावा. त्याआधी इंजिन बंद करून गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबावे. तो बहुतेक ठिकाणी काही मिनिटांचा असतो. स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडून माहिती वाचणारे यंत्र) मिळत असेल तर रेलचा दाब शून्याजवळ आला आहे हे त्यावर पाहूनच पाना लावावा. पेट्रोलच्या नव्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांनाही हेच लागू आहे; त्यांच्या रेलमध्ये दोनशे-साडेतीनशे बार दाब असतो आणि पंपाचा रिले काढून फक्त टाकीकडची कमी दाबाची बाजू रिकामी झाल्याची खात्री मिळते.

अशी धार कोणाच्या हाताला लागलीच, तर जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पहिल्या तासात फारसे दुखतही नाही, आणि माणूस हळद लावून कामाला लागतो. आत मात्र डिझेल स्नायूंच्या पदरांमधून पसरत असते आणि काही तासांत बोट काळे पडू लागते. यावर इंजेक्शन-गोळी हा इलाज नाही, शस्त्रक्रियाच लागते. १०८ ला फोन करून सेवाग्राम, नागपूर, अकोला, यवतमाळ यांपैकी जे मोठे रुग्णालय जवळ असेल तेथे त्याच क्षणी निघावे आणि तेथे पहिल्याच वाक्यात "जास्त दाबाचे डिझेल कातडीच्या आत गेले आहे" असे सांगावे. जखम लहान दिसते म्हणून रांगेत बसवले गेले तर बसू नये.

जाता जाता, डिझेल पेटत नाही हा समजही उन्हाळ्यात बाजूला ठेवावा. आपल्याकडे मिळणाऱ्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असावा असे मानक आहे, आणि आपल्या टिनाच्या शेडखाली मे महिन्यात दुपारी किती असते ते सर्वांना ठाऊक आहे.

रोखठोक_दारव्हा

हे कॉमन रेलचे मला ठाऊक नव्हते. जे पाहिले ते सर्व जुन्या गाड्यांवर पाहिले. पेट्रोलच्या बाबतीतही काकांचा कूलरचा मुद्दा मान्य आहे, माझ्या ओळखीच्या प्रत्येक गॅरेजात तो कूलर तसाच उभा असतो. फक्त एक विचारतो. आग लागलीच तर पाण्याची बादली जवळ ठेवून उपयोग आहे का?

निवृत्त_फिटर_हिंगणघाट

पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि पाण्याबरोबर आग पसरत जाते. आग विझवणारा एबीसी पावडरचा सिलिंडर हाताशी ठेवावा, आणि तो दाराच्या बाजूला असावा, गाडीच्या पलीकडे नसावा. तो नसेल तर दोन बादल्या कोरडी रेती. सांडलेल्या पेट्रोलवर टाकायलाही तीच उपयोगी पडते. पाण्याची बादली डोळ्यांसाठी मात्र जरूर ठेवावी. पेट्रोल डोळ्यांत गेले तर स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळे धूत राहावे आणि नंतर डॉक्टरांकडे जावे.

भांड्यात निघालेले पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ओट्यावर ठेवू नये. उन्हाळ्यात घरी आलेला कोणीही तहानलेला माणूस ती तोंडाला लावील. नालीत ओतू नये. टाकीतून पेट्रोल काढायचे झाले तर नळीला तोंड लावून ओढू नये. घोट फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो, आणि पोटात गेला तरी उलटी करवू नये, कारण परत येताना तो फुप्फुसातच उतरतो. पेट्रोलने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात न टाकता उघड्यावर, चुलीपासून दूर, पसरून वाळू द्यावीत.

कपाशीवाला_आर्णी

सर्वांचे मनापासून आभार. आज पहाटे मिस्त्र्यांना बरोबर घेऊन काम केले. गॅसचा व्हॉल्व्ह बंद केला, बटण पेट्रोलवर ठेवले, घरघर ऐकून रिले सापडला. इंजिन थोडा वेळ चालून बंद पडले. पुढे सेल्फ मारून, बॅटरी सोडवून, कापड गुंडाळून क्लिप सैल केली, तेव्हा फवारा आला नाही, पण कापड चांगलेच भिजले. सध्या नळी काढलेली आहे आणि गाडी उघडीच उभी आहे. तालुक्याच्या दुकानदाराने मात्र दोन प्रकारच्या नळ्या दाखवल्या. एक स्वस्त, पारदर्शक, मोटरसायकलला लावतात तशी, आणि दुसरी काळी, जाड, बरीच महाग. शिवाय मिस्त्र्यांचे म्हणणे आहे की फवारणी पंपाची जाळीची नळी याहून मजबूत असते. कोणती घ्यावी, आणि बसवल्यावर गळती कशी तपासावी?

पानेवाला_वर्धा

फवारणी पंपाची नळी दाब सहन करील, पेट्रोल सहन करणार नाही; ती आतून फुगेल, मऊ पडेल आणि तिचे कण इंजेक्टरमध्ये जाऊन बसतील. पारदर्शक नळी कार्ब्युरेटरच्या मोटरसायकलसाठी आहे. काळीच घ्यावी, पण तीही नुसती जाड आहे म्हणून घेऊ नये. फ्युएल इंजेक्शनसाठीची नळी असल्याचे तिच्या अंगावर छापलेले असते, बहुधा एसएई जे३० आर९ असे. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, म्हणून ती इथेनॉलला चालते का हेही विचारून घ्यावे. मूळ कंपनीची, दोन्ही टोकांना जोड बसवलेली तयार नळी मिळाली तर सर्वांत उत्तम, कारण आपल्या गाडीत एका टोकाला दाबून बसणारा कनेक्टर असेल तर तेथे कापलेली नळी बसतच नाही. क्लिपही इंजेक्शनच्याच, गुळगुळीत काठाच्या घ्याव्यात. दात असलेली रुंद क्लिप आवळली की रबर कापते.

नळी बसवल्यावर सांडलेले सर्व पुसून, वास पूर्ण जाईपर्यंत बोनेट उघडे ठेवावे. किल्ली बंद असतानाच रिले जागेवर लावावा आणि त्यानंतर बॅटरीची वायर जोडावी. आता इंजिन सुरू न करता किल्ली सुरू स्थितीत तीन सेकंद ठेवून बंद करावी. असे तीन-चार वेळा केले की पंप लाइनमध्ये पूर्ण दाब भरतो. त्या दाबावर दोन्ही जोड एलईडीच्या उजेडात पाहावेत आणि खालून कोरडा कागद लावून पाहावा. कागदाला ओल लागली तर इंजिन सुरू करू नये. दाब पुन्हा उतरवून क्लिप नीट बसवावी. कोरडा राहिला तर इंजिन सुरू करून काही मिनिटांनी, आणि एकदा चक्कर मारून आल्यावर, तेच पुन्हा करावे. गॅसचा व्हॉल्व्ह हे सगळे झाल्यावर उघडावा.

इंजिन पेट्रोलविना बंद पाडल्यामुळे चेक इंजिनचा दिवा लागलेला राहू शकतो. कोणाकडे स्कॅनर असेल तर त्याने तो पुसता येतो. नसेल तर काही वेळा गाडी नीट चालल्यावर बहुधा आपोआप विझतो. घड्याळ आणि रेडिओ मात्र पुन्हा लावून घ्यावे लागतील.